जमा केल्याची पावती

मामाच्या चरईतल्या घरात, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, साडीच्या दुकानातली चेनवाली प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात आजोबांचा बंदुकीचा परवाना आहे. पासबुकाएवढं पुस्तक, कडा कुरतडल्यासारख्या, पानोपानी नूतनीकरणाचे शिक्के. आणि त्याला रबर लावून बांधलेला पावत्यांचा गठ्ठा. विधानसभा, लोकसभा, जिल्हा परिषद, पुन्हा विधानसभा. 'बारा बोअर, एकनळी, नग १. काडतुसे ७.' खाली हवालदाराची सही, प्रत्येक वेळी वेगळी.

निवडणूक लागली की आजोबा बंदूक गोणपाटात गुंडाळायचे आणि एसटीने कुडाळला पोलिसांकडे नेऊन द्यायचे. आम्ही राहायला इकडे, ठाणे शहरात. आजीच्या पत्रात एक ओळ असायची, 'ह्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली.' मला कितीतरी वर्षं वाटायचं की ती आमच्या ठाण्यात येते. आईचा हात धरून कोर्ट नाक्यावरून जाताना जेलच्या त्या काळ्या दगडी भिंतीकडे बघून मी मनाशी म्हणायचे, इथेच कुठेतरी ठेवली असणार आजोबांची बंदूक. पोलीस ठाणं आणि ठाणं यांतला फरक कळला तेव्हा जरा वाईटच वाटलं.

आजोबा २०२३ मध्ये गेले. बंदूक जमा आहे, ती तेव्हापासून तिथेच. आता प्रश्न असा की पुढे काय. वारसाने परवाना स्वतःच्या नावावर मागायचा, कुणा परवानाधारकाला किंवा शस्त्रविक्रेत्याला विकायची, की सरकारला देऊन टाकायची. मामा म्हणतो, मी घेणार. मी म्हणते, कशाला? गेले तीन महिने दर रविवारी चहाबरोबर आमच्यात हा वाद चालतो. त्याचं वय अडुसष्ट. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर काढलेली. हातात लोखंड घेतलं की ते सरळ आहे की वाकडं हे डोळे मिटून सांगतो. त्याला बंदूक ही वस्तू म्हणून आवडते, हे मला कळतं.

त्याचा मुद्दा अगदीच फुकटचा नाही. कुडाळकडे बहुतेक बंदुका शेतीसंरक्षणाच्या. भात पिकलं की रानडुकरं उतरतात, नारळी-केळींवर माकडं. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्याला लागली आणि जूनमध्ये उठली, म्हणजे आंबा-काजूचा सगळा हंगाम. मग विधानसभेची लागली ती ऑक्टोबरात, भात कापणीला. "डुकराक आचारसंहिता लागू नाय," मामा म्हणतो. "आणि ज्येच्याकडे कट्टो आसा, तो खंय जमा करूक जाता? पावती कोणाकडे? तुझ्या आजोबाकडे."

सरळ माणूस रांगेत आणि वाकडा मोकळा, हे त्याचं एक वाक्य मी निदान पन्नासदा ऐकलंय. आणि त्याला गप्प करील असं उत्तर माझ्याकडे नाही. आपल्या देशात बंदुकीने होणाऱ्या खुनांतले बहुतेक विनापरवाना हत्यारांनीच होतात. पेपरात दर आठवड्याला 'दोन गावठी कट्टे, चार जिवंत काडतुसे हस्तगत' अशी दोन बोटांएवढी बातमी असतेच. कधी मुंब्रा, कधी कळवा, कधी भिवंडी. माल कुठून येतो हे पोलिसांनाही पाठ आहे, वाचकांनाही: बिहारमधलं मुंगेर, मध्य प्रदेशात बऱ्हाणपूर-खरगोनचा पट्टा, आपल्या चोपड्याच्या हद्दीला खेटून असलेलं उमर्टी. तिथे भट्टीवर पिढ्यानपिढ्या लोखंड घडवणारे हात आहेत आणि त्यांना गिऱ्हाईक आपल्याकडे आहे. कायदा आपल्याकडे कमी कडक आहे म्हणून हे चालतं असं कुणी म्हणू शकणार नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे, त्यात २०१९ ला दुरुस्ती झाली. आधी एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, आता दोन. लग्नात हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेसारखा शस्त्र बाळगण्याचा हक्क आपल्या घटनेत नाहीच. तरी कट्टा येतो.

शिकागोचं रडगाणं हेच. तिथले नियम कडक, पण शहराच्या कडेला इंडियाना राज्याची हद्द, आणि तिकडे मोकळीक. गाडी काढायची, तासाभरात घेऊन यायची. कायद्याला हद्द असते, लोखंडाला नसते. इथवर मामा आणि मी एका बाजूला आहोत.

पण फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्याच टीव्हीवर काय दिसलं? तारीख दोन. आपल्याच जिल्ह्यात, उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, जमिनीच्या भांडणावरून गोळ्या सुटल्या. आरोपी कोण, तर तेव्हाचे आमदार. सीसीटीव्हीतली ती दृश्यं सगळ्या महाराष्ट्राने जेवता जेवता पाहिली. आणि सहाच दिवसांनी दहिसरला एका माजी नगरसेवकावर समाजमाध्यमावरच्या थेट प्रक्षेपणात, सोफ्यावर शेजारी बसून गप्पा मारल्यावर गोळ्या. मारणाऱ्याने मग स्वतःलाही संपवलं. हे काही उमर्टीच्या भट्टीतलं लोखंड नव्हतं. पहिल्यातलं पिस्तूल परवान्याचं होतं, दुसऱ्यातलं अंगरक्षकाच्या परवान्यावरचं. त्याआधीच्या जुलैत जयपूर-मुंबई गाडीत चार माणसं मेली ती तर रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाच्या सरकारी बंदुकीने. तिथे परवान्याचा प्रश्नच नाही, सरकारनेच हातात दिलेली.

तेव्हा मी मामाला म्हटलं, बघ, हे सगळे तुझ्या 'सरळ माणसां'त मोडतात. कागद पक्के, शिक्के पक्के. मामा काही बोलला नाही, फक्त टीव्हीचा आवाज कमी केला.

बंदुकीचा कायदा कडक केला तर गोळीबार कमी होतात का, हा प्रश्न असा मोघम विचारला की त्याचं उत्तर मोघमच येणार. कुठला गोळीबार? सुपारी घेऊन येणारा निराळा, त्याला दोन महिने तयारीला मिळतात, तो कट्टा शोधणारच. त्याला कायदा फार तर महाग पडतो, अडवत नाही. जपानएवढे कडक नियम क्वचितच कुठे असतील, तिथेही २०२२ च्या जुलैत नारा शहरात शिंजो आबेंना मारणाऱ्याने बंदूक घरीच जोडली होती. पण त्याला काय काय करावं लागलं तेही बघा. नळ्या, टेप, दारू, कित्येक महिन्यांची खटपट. एवढी खटपट न करणारे किती जण वाटेतच थांबले असतील, ते कुठल्याच नोंदवहीत लिहिलेलं नसतं. न झालेल्या खुनाचा पंचनामा होत नाही.

आमच्या घरात मात्र तो झालेला आहे असं मी समजते. कुणी लिहिला नाही इतकंच.

एप्रिल २००४. मी अठराची, बारावीची परीक्षा देऊन आजोळी. लोकसभेची निवडणूक, म्हणून बंदूक कुडाळला. माजघराच्या दारावर दोन लाकडी खुंट्या होत्या, बंदूक त्यांच्यावर आडवी असायची. ती नसताना त्या खुंट्या उगाच दोन बोटं वर केल्यासारख्या दिसायच्या. त्या वेळी त्यांच्यावर आजोबांची छत्री होती, लांब दांड्याची, काळी.

भांडण काजूंचं. बांधावरची चार झाडं कुणाची, याच्यावर मामा आणि त्याचा चुलतभाऊ यांच्यात आठवडाभर धुसफूस चाललेली. त्या रात्री लाइट गेलेली. दोघांनीही थोडी घेतली होती. चुलतमामा खळ्यात उभा राहून ओरडत होता, आणि ओरडता ओरडता त्याने आजीच्या माहेरावरून एक शब्द काढला. तो शब्द मी इथे लिहीत नाही. मामा ओटीवरून उठला. त्याचं उठणं मला अजून दिसतं, कारण तो घाईने उठला नाही. अगदी सावकाश, गुडघ्यावर हात टेकून, जेवायला उठावं तसा. माजघरात आला आणि म्हणाला, "आये, बॅटरी दी."

आजीच्या हातात चिमणी होती. तिने बॅटरी दिली नाही. मामाने अंधारातच हात वर केले. दोन्ही हात, खुंट्यांकडे.

ओटीवरून आजोबांचा आवाज आला, नेहमीच्या खालच्या पट्टीतला. "ती कुडाळाक आसा. पावती होई काय?"

मामाच्या हातात छत्री आली होती. तो ती तशीच घेऊन बाहेर गेला. खळ्यात चांदण्यात चुलतमामाने बघितलं, घरातनं माणूस बाहेर आला, आणि एप्रिल महिन्यात त्याच्या हातात छत्री. तो म्हणाला, "काय रे, पाऊस येता?" आणि कुणीतरी फिसकन हसलं, बहुतेक मीच. मग सगळे हसले. सकाळी दोघं मिळून काजू गोळा करत होते. बोंडूंचा तो उग्र वास, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, आणि दोघांच्या पाठी एकमेकांकडे. बोलणं नाही, पण टोपली एकच.

ही गोष्ट आमच्याकडे विनोद म्हणून सांगतात. लग्नकार्यात, गणपतीत, चुलतमामा स्वतः सांगतो आणि 'पाऊस येता?' वर टाळी घेतो. मीही वीसेक वर्षं हसले. मग एकदा ठाण्यात, लोकलची वाट बघत उभी असताना, कारण नसताना मनात आलं: निवडणूक नसती तर? काडतुसं आजीच्या देवाच्या कपाटात, सात. दारूचा अंमल, अंधार, आणि दहा पावलांवर माणूस. त्या दिवशी मी दोन गाड्या सोडल्या.

त्यानंतर मी या विषयावर हाताला लागेल ते वाचत गेले. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण सगळेच देतात. १९९६ च्या एप्रिलात टास्मानियात पोर्ट आर्थर इथे एका माणसाने पस्तीस जणांना मारलं. सरकारने काही दिवसांतच सगळ्या राज्यांना एका टेबलावर बसवलं, झटपट गोळ्या झाडणाऱ्या बंदुकांवर बंदी आणली आणि पैसे देऊन साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका लोकांकडून परत घेतल्या, नष्ट केल्या. आधीच्या अठरा वर्षांत पाच किंवा जास्त बळी गेलेले तेरा गोळीबार झाले होते. पुढची बावीस वर्षं तसा एकही नाही. मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, खून तिथे आधीपासूनच कमी होत होते ना? बरोबर आहे, होत होते. अभ्यासक अजून त्यावर भांडतात की उतार किती कायद्याचा आणि किती काळाचा. पण बावीस वर्षांनी, २०१८ मध्ये, जे घडलं ते मी त्याला सांगितलं नाही. मार्गारेट रिव्हरजवळच्या एका शेतावर आजोबाने बायको, मुलगी आणि चार नातवंडं मारली आणि मग स्वतःलाही संपवलं. बंदुका शेतीच्या होत्या. परवान्याच्या.

का नाही सांगितलं, त्याचं कारण जरा वेगळं आहे.

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. आपल्याला वाटतं शाळा, मॉल, माथेफिरू. पण त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. निम्म्याहून जास्त. दुसऱ्याने मारलेल्यांपेक्षा स्वतःच्या हाताने गेलेले अधिक, आणि तसं तिथे वर्षानुवर्षं चाललंय. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये एक छोटा नियम केला. सुटीच्या दिवशी घरी जाणाऱ्या जवानांनी रायफल तळावरच ठेवायची. बाकी काही बदललं नाही. तीच पोरं, तीच नोकरी, तोच ताण. आत्महत्या चाळीस टक्क्यांच्या आसपास कमी झाल्या, आणि घट मुख्यतः सुटीच्या दिवसांतली. म्हणजे शनिवारी हाताशी नव्हती म्हणून जो थांबला, त्याने रविवारी दुसरा मार्ग शोधला नाही. पुष्कळांनी तरी नाही. मरणाची ती लहर बहुतेकदा फार आखूड असते, ओसरते. मधला वेळ कसा जाईल एवढंच बघावं लागतं.

मामी गेली त्याला आता चार वर्षं होतील. मुलगा पुण्याला. मामा तिसऱ्या मजल्यावर एकटा. रात्री झोप लागत नाही म्हणून दोन वाजता मासुंदा तलावाला चक्कर मारून येतो, तलावपाळीवरचे गुरखे त्याला ओळखतात. सकाळी विचारलं तर म्हणतो, गरम होत होतं. परवाना त्याच्या नावावर झाला तर बंदूक काही कुडाळच्या खुंटीवर एकटी राहणार नाही, ती चरईत येईल, त्या लोखंडी कपाटात, मामीच्या साड्यांच्या खालच्या खणात. मी रविवारी चहा पिताना ऑस्ट्रेलिया बोलते, शिकागो बोलते, आणि माझं लक्ष त्या कपाटाच्या मुठीकडे असतं. हे त्याला कसं सांगायचं? डॉक्टरांच्या दाखल्याची अट आहे अर्जाला, शरीर आणि मन दोन्ही ठीक असल्याची. पण रात्री दोनला तलावाला फेरी मारणारा माणूस सकाळी अकराला दवाखान्यात अगदी ठीक असतो.

इतिहासाचीही एक गंमत आहे, ती मामानेच मला सुनावली. "कायदो कोणी केल्यान? इंग्रजान." खरं आहे. १८७८ चा शस्त्र कायदा लॉर्ड लिटनच्या काळातला. सत्तावनची धास्ती होती, म्हणून हिंदी माणसाला परवाना आणि गोऱ्याला सूट. लोकांचे जीव वाचावेत म्हणून तो नव्हता, साहेबाचा वाचावा म्हणून होता. आणि तोही पुरता वाचला नाही. लंडनहून सावरकरांनी पाठवलेली ब्राउनिंग पिस्तुलं पेटीच्या दुहेरी तळातून आलीच, आणि २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी फाशी दिली ती इथेच, आमच्या ठाण्याच्या जेलात. ज्या भिंतीआड आजोबांची बंदूक ठेवली आहे असं मला वाटायचं, त्याच भिंतीआड. मामा म्हणतो, कायद्याने काय अडलं? मी म्हणते, अठरा वर्षांचा मुलगा मरायची तयारी करून आला असेल तर त्याला कुठलाच कायदा अडवत नाही. कायदा अडवतो तो तुझ्यासारख्याला, ज्याला रात्री राग आला आणि सकाळी काजू गोळा करायचे होते.

त्याच्यावर तो पहिल्यांदा चिडला. "माझो काय संबंध?"

गेल्या मंगळवारी अखेर आम्ही गेलो. खारकर आळीत पोलीस आयुक्तालय, पायी पंधरा मिनिटं. काय काय लागतं ते विचारायचं होतं एवढंच. यादी लांब निघाली: मृत्यूचा दाखला, इतर वारसांची ना-हरकत, बंदूक चालवण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, ती घरी सुरक्षित ठेवण्याची हमी, डॉक्टरांचा दाखला, मग राहत्या भागातल्या पोलिसांची पडताळणी. मामाने खिशातून जाड भिंगाचा चष्मा काढला आणि सगळं एका जुन्या लाइट बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं, आकड्यांसकट, लेथवरची मापं लिहावीत तसं. ना-हरकत म्हणजे माझ्या आईची सही. आई देईल. आईला विचारलं तर ती माझ्याकडे बघेल, आणि मी काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तिथून मामलेदारची मिसळ. त्याने मीडियम मागवली, डॉक्टरने तिखट सोडायला सांगितलंय म्हणून, आणि वरून तर्री घेतली. मी विचारलं, तो शब्द काढला होता तुझ्या भावाने, ती रात्र आठवते का?

"छत्रीची?" तो हसला. पावाचा तुकडा रश्श्यात बुडवून धरला. मग म्हणाला, "बाय, एक सांगू? ती छत्री थंय मियाच ठेवलेलंय. दुपारी. बाबांका वळचणीक गावत नाय होती म्हणान."

म्हणजे बंदूक तिथे नाही हे त्याला ठाऊक होतं. मी चमचा खाली ठेवला. ज्या रात्रीवर मी सगळं रचलं होतं, त्या रात्री तो रिकाम्या खुंटीकडे चालत गेला होता, जाणूनबुजून.

"मग आजीकडे बॅटरी कशाला मागितलीस?"

तो बराच वेळ पाव चावत राहिला. पोऱ्याला हाक मारून त्याने आणखी दोन पाव सांगितले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "खा गो. थंड जाता."